एच.आय.व्ही. संसर्गातील कंडुविकार

एच.आय.व्ही. संसर्गातील कंडुविकार म्हणजे मानवी रोगप्रतिकारशक्ती ऱ्हास विषाणूचा, अर्थात एच.आय.व्ही.चा, संसर्ग असलेल्या व्यक्तींना होणारे आणि खाज हे मुख्य लक्षण असलेले त्वचाविकार होत. कंडुपिटिका, इओसिनोफिली रोमकूपदाह, खरूज, त्वचेचा कोरडेपणा, तेलकट कोंड्याचा त्वचादाह, नायटा व औषधांमुळे उठणारे पुरळ हे यांतील प्रमुख विकार आहेत. यांपैकी बहुतेक विकार संसर्ग नसलेल्या व्यक्तींनाही होतात. मात्र प्रतिकारशक्ती घटलेल्या शरीरात ते अधिक तीव्र, अधिक चिवट आणि काही वेळा अनोळखी स्वरूपात दिसतात.

पुष्कळदा अशी दीर्घकाळ न हटणारी खाज हे संसर्गाचे पहिले दृश्य लक्षण असते. तिचे कारण वेळीच ओळखले गेल्यास एच.आय.व्ही.चे निदान लवकर होते आणि विषाणूरोधक उपचारांनी खाज व मूळ आजार या दोन्हींवर नियंत्रण मिळवता येते. तथापि केवळ खाजेवरून एच.आय.व्ही.चे निदान करता येत नाही. खाजेने त्रस्त असलेल्या बहुसंख्य लोकांना हा संसर्ग नसतो.

अतिपाऊस, दमट हवा, कीटकांचा उपद्रव आणि मुंबईकडे होणारे स्थलांतर यांमुळे रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांसारख्या भागांत या विकारांचे निदान व उपचार करताना काही विशेष बाबी लक्षात घ्याव्या लागतात. त्यांचा विचार या लेखात स्वतंत्रपणे केला आहे.

संज्ञा

त्वचा खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणाऱ्या संवेदनेला मराठीत खाज, कंड किंवा कंडू असे म्हणतात. खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, चिखल्या, पित्त उठणे, गांधी उठणे हे शब्द बोलीभाषेत रूढ आहेत. परंतु वैद्यकीय दृष्ट्या ते नेमके एकेका रोगाचे वाचक असतातच असे नाही. ‘गजकर्ण’ व ‘नायटा’ हे दोन्ही शब्द सामान्यतः बुरशीजन्य विकारासाठी वापरले जातात, तर ‘खरूज’ हा शब्द पुष्कळदा कोणत्याही खाजऱ्या पुरळाला लावला जातो. ‘अंगात उष्णता झाली’ किंवा ‘रक्त बिघडले’ अशीही खाजेची लोकप्रचलित कारणे सांगितली जातात. अशा ढोबळ नावांमुळे एका विकाराचे औषध दुसऱ्यावर लावले जाण्याचा संभव असतो.

इतिहास

एड्स या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. १९८३ साली पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्यास कारणीभूत असलेला विषाणू वेगळा केला. त्याच सुमारास हैती देशातील रुग्णांच्या वर्णनांत हातापायांवरील तीव्र खाज सुटणाऱ्या पुरळाचा उल्लेख येऊ लागला. पुढे आफ्रिका व आशिया खंडांतील उष्ण प्रदेशांतूनही तशाच नोंदी झाल्या आणि ‘कंडुपिटिका’ हा एच.आय.व्ही.शी निगडित असा स्वतंत्र विकार मानला जाऊ लागला.

भारतात एच.आय.व्ही. संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन व डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कार्यातून उघडकीस आला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची स्थापना झाली. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ पासून कार्यरत आहे. १ एप्रिल २००४ पासून देशातील निवडक शासकीय रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. त्यांत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाचा समावेश होता. २०१७ पासून सी.डी.४ पेशींची संख्या कितीही असली तरी संसर्गाचे निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

या शेवटच्या बदलाचा त्वचाविकारांशी निकटचा संबंध आहे. पूर्वी प्रतिकारशक्ती पुरेशी खालावेपर्यंत उपचारांची वाट पाहिली जात असे आणि त्या काळात तीव्र कंडुविकार सर्रास आढळत. लवकर उपचार मिळू लागल्यापासून अशा विकारांचे प्रमाण व तीव्रता घटली आहे. आज ते प्रामुख्याने निदान उशिरा झालेल्या, उपचार मध्येच सोडलेल्या किंवा उपचारांचा परिणाम होत नसलेल्या रुग्णांत दिसतात.

कारणमीमांसा

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील सी.डी.४ या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशींची संख्या साधारणतः ५०० ते १,५०० असते. ती घटत जाते तशी शरीराची जंतूंशी लढण्याची क्षमता कमी होते. परंतु त्याबरोबर आणखी एक बदल घडतो. उरलेल्या प्रतिकारयंत्रणेचा तोल बिघडून ती अ‍ॅलर्जीसदृश प्रतिक्रियांकडे झुकते. रक्तातील इओसिनोफिल पेशी व आय.जी.ई. हे प्रतिपिंड वाढतात. परिणामी डासाच्या एका चाव्यावर निरोगी व्यक्तीच्या अंगावर काही तास टिकणारी गांधी उठत असेल, तर अशा व्यक्तीच्या अंगावर आठवडेच्या आठवडे टिकणारी कठीण पुटकुळी उठू शकते.

याखेरीज त्वचेतील स्निग्धता कमी होणे, त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या बुरशीची अनिर्बंध वाढ होणे, औषधांची प्रतिक्रिया येणे आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचे आजार जडणे हीही खाजेची कारणे आहेत. एकाच रुग्णात दोन-तीन कारणे एकत्र असणे ही नित्याची बाब आहे.

प्रमुख विकार

कंडुपिटिका

हा एच.आय.व्ही.शी सर्वांत निकटचा संबंध असलेला कंडुविकार आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत त्याचे प्रमाण संसर्गित व्यक्तींच्या ११ ते ४६ टक्के इतके आढळले आहे. हातांच्या व पायांच्या बाहेरील बाजूंवर, कधी धड व चेहऱ्यावर, लहान, टणक, तीव्र खाज सुटणाऱ्या पुटकुळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच उठतात. तळहात, तळपाय व तोंडाचा आतील भाग बहुधा मोकळा असतो. खाजवून पुटकुळ्यांची टोके फुटतात, त्यांवर खपली धरते आणि ती गेल्यावर काळा डाग राहतो. जुने डाग व नव्या पुटकुळ्या एकाच वेळी दिसणे हे या विकाराचे वैशिष्ट्य आहे.

२००४ साली युगांडातील १०२ रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८४ टक्के नमुन्यांत कीटकदंशाशी जुळणारे बदल आढळले, तसेच ज्यांच्या सी.डी.४ पेशी कमी होत्या त्यांच्या अंगावरील पुरळ अधिक तीव्र असल्याचे दिसून आले. कीटकदंशाला बिघडलेल्या प्रतिकारयंत्रणेने दिलेला अतिरेकी प्रतिसाद हे कंडुपिटिकांचे प्रमुख कारण असावे, या मताला त्यामुळे बळ मिळाले. हा विकार उष्ण व कीटकबहुल प्रदेशांत अधिक आणि थंड प्रदेशांत विरळ आढळतो, ही बाबही याच मताशी सुसंगत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात कंडुपिटिकांचा समावेश एच.आय.व्ही.च्या दुसऱ्या टप्प्यात होतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ रुग्णांच्या सी.डी.४ पेशी निदानाच्या वेळी २०० च्याही खाली गेलेल्या असतात.

इओसिनोफिली रोमकूपदाह

या विकारात केसांच्या मुळांभोवती इओसिनोफिल पेशी जमून दाह होतो. चेहरा, मान, छाती व पाठीचा वरचा भाग येथे लालसर, अतिशय खाजऱ्या पुटकुळ्या येतात. त्या तारुण्यपीटिकांसारख्या दिसत असल्याने निदानात चूक होऊ शकते. सी.डी.४ पेशी २५० पेक्षा कमी झाल्यावर हा विकार अधिक आढळतो. विषाणूरोधक औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत तो नव्याने उद्भवू किंवा वाढू शकतो. प्रतिकारयंत्रणा पुन्हा जागी होत असल्याचा तो परिणाम असतो. त्यासाठी औषधे थांबवू नयेत.

खरूज

खरूज हा सारकॉप्टिस स्केबिआय या सूक्ष्म किडीमुळे होणारा सांसर्गिक विकार आहे. मादी कीड त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, कंबर, बेंबीभोवतीचा भाग व जननेंद्रिये येथे पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. प्रथमच लागण झाल्यास खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे लक्षणे नसलेला घरातील माणूसही खरूज पसरवत असतो. एकाच घरातील अनेकांना खाज सुटणे ही निदानाची महत्त्वाची खूण आहे.

सामान्य खरजेत अंगावर साधारणतः दहा-पंधरा किडी असतात. प्रतिकारशक्ती अतिशय घटलेल्या व्यक्तीत त्यांची संख्या हजारो ते लाखोंवर जाऊ शकते. या प्रकारास खवल्यांची किंवा नॉर्वेजियन खरूज म्हणतात; नॉर्वेतील डॅनियलसन व बोएक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कुष्ठरुग्णांमध्ये तिचे वर्णन केले होते. हात, पाय, टाळू व नखांखाली जाड, भुरकट खवले साचतात. काही रुग्णांना यात खाज फारशी नसते, त्यामुळे हा विकार इसब किंवा सोरायसिस समजला जातो. ही खरूज अत्यंत संसर्गजन्य असते आणि भेगांतून जंतू शिरून रक्तात विषबाधा होण्याचा धोका असतो.

कोरडी त्वचा

संसर्ग वाढत जातो तशी त्वचा कोरडी होते. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात. ही खाज हिवाळ्यात आणि उग्र साबण वापरल्यास वाढते. पुरळ नसतानाही खाज असेल तर प्रथम कोरडेपणाचा विचार केला जातो.

तेलकट कोंड्याचा त्वचादाह

डोके, भुवया, नाकाच्या कडा, कानामागील भाग व छाती येथे लालसर त्वचेवर पिवळट, तेलकट कोंडा येतो. मॅलेसेझिया या बुरशीशी त्याचा संबंध आहे. सामान्य लोकसंख्येत तीन ते पाच टक्के लोकांत आढळणारा हा विकार एच.आय.व्ही. संसर्गितांत कितीतरी पटींनी अधिक दिसतो.

बुरशीजन्य विकार

जांघा, कंबर व नितंबांवर कडा उठावदार असलेले गोल चट्टे येतात. प्रतिकारशक्ती कमी असल्यास ते शरीरभर पसरतात व नखेही जाड आणि मातकट होतात. स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, चट्ट्यांची ओळखीची कड पुसट होते आणि बुरशी आत वाढत राहते.

औषधांमुळे उठणारे पुरळ

संसर्गित व्यक्तींमध्ये औषधांची प्रतिक्रिया इतरांपेक्षा अधिक वेळा येते. न्यूमोनियापासून संरक्षणासाठी दिले जाणारे कोट्रायमॉक्साझोल व पूर्वी प्रथम श्रेणीच्या उपचारात असलेले नेव्हिरापिन ही यांची ठळक उदाहरणे होत. नेव्हिरापिन घेणाऱ्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांना पुरळ येत असे; म्हणूनच पहिले १४ दिवस निम्मी मात्रा देण्याची पद्धत होती. अबॅकॅव्हिर या औषधामुळे विशिष्ट आनुवंशिक गुण असलेल्या व्यक्तींत तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. सध्या प्रचलित असलेल्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर या एकत्रित गोळीमुळे पुरळ येण्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात जाणे आवश्यक असते :

- पुरळासोबत ताप येणे किंवा चेहरा सुजणे
- तोंड, डोळे किंवा जननेंद्रियांवर फोड अथवा व्रण येणे
- त्वचा भाजल्यासारखी दुखणे, सोलवटणे किंवा तिच्यावर फोड येणे
- डोळे पिवळे होणे, श्वास लागणे

ही लक्षणे स्टीव्हन्स-जॉन्सन संलक्षणासारख्या प्राणघातक प्रतिक्रियेची असू शकतात. एरवी सौम्य पुरळ आल्यास रुग्णाने स्वतःहून गोळ्या बंद न करता उपचार केंद्राशी संपर्क साधणे अपेक्षित आहे. कारण मध्येच थांबवलेल्या औषधांना विषाणू दाद देईनासा होऊ शकतो.

निदान

निदान मुख्यतः पुरळाची जागा, स्वरूप, कालावधी व रुग्णाची माहिती यांवरून होते. खाज कधीपासून आहे, रात्री वाढते काय, घरातील इतरांना आहे काय, कोणती औषधे व मलमे घेतली आणि नवे औषध सुरू होऊन किती दिवस झाले, हे प्रश्न निर्णायक ठरतात. खरजेसाठी त्वचेच्या खरवडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, बुरशीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड चाचणी आणि शंका असल्यास त्वचेचा नमुना तपासणे हे मार्ग उपलब्ध आहेत. पुरळ नसल्यास यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड व रक्तशर्करा यांची तपासणी केली जाते.

पुढील परिस्थितीत एच.आय.व्ही. चाचणीचा सल्ला देणे योग्य मानले जाते : प्रौढ व्यक्तीत दोन्ही हातपायांवर काही महिने टिकलेल्या खाजऱ्या पुटकुळ्या व काळे डाग, उपचारांना दाद न देणारी किंवा खवल्यांची खरूज, कमी वयात आलेली वा वारंवार होणारी नागीण, आणि खाजेसोबत वजन घटणे, तोंडात पांढरा थर येणे, दीर्घ ताप, जुलाब किंवा क्षयरोग असणे. याउलट, संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींच्या अंगावर जे पुरळ येते त्याला सहसा फारशी खाज नसते. म्हणून एखाद्या प्रसंगानंतर लगेच सुटलेल्या खाजेवरून संसर्गाचा तर्क करणे निराधार ठरते. चाचणी हाच एकमेव निर्णायक मार्ग आहे.

शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. पहिली चाचणी सकारात्मक आल्यास निरनिराळ्या तत्त्वांवरील आणखी दोन चाचण्यांनी तिची खात्री केली जाते. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ अन्वये व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करण्यास व तिचा निष्कर्ष उघड करण्यास मनाई आहे. हा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

उपचार

विषाणूरोधक उपचार हा कंडुपिटिका व इओसिनोफिली रोमकूपदाह यांवरील मुख्य उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्यावरच भर आहे. सी.डी.४ पेशी वाढू लागल्यावर पुरळ हळूहळू ओसरते; त्यास काही महिने लागतात. नियमित औषधे घेऊनही जुने पुरळ पुन्हा उसळले, तर विषाणूभार तपासून उपचारांचा परिणाम होत आहे किंवा नाही हे पाहिले जाते.

तोवर खाज आटोक्यात ठेवण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने मर्यादित काळ स्टेरॉइड मलम, दिवसा सेटिरिझिनसारखी झोप कमी आणणारी व रात्री हायड्रॉक्सिझिनसारखी झोप आणणारी प्रतिहिस्टामिन औषधे दिली जातात. चिवट विकारांत अतिनील किरणांचा उपचार उपयुक्त ठरतो.

खरजेवर पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायांपर्यंत सर्व अंगाला लावून आठ ते चौदा तासांनी धुतात आणि सुमारे आठवड्याने पुन्हा लावतात. आवश्यकतेनुसार आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाच्या प्रमाणात दिल्या जातात. गर्भवती स्त्रिया व १५ किलोपेक्षा कमी वजनाची बालके यांना त्या सहसा देत नाहीत. खवल्यांच्या खरजेत डोके व चेहऱ्यासह सर्वांगाला मलम आणि गोळ्यांच्या अनेक मात्रा लागतात. घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घेणे अनिवार्य असते. किडी मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे समजू नये.

कोरड्या त्वचेसाठी कोमट पाण्याची अल्पवेळ आंघोळ, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. कोंड्याच्या त्वचादाहावर किटोकोनॅझोलयुक्त शाम्पू व मलम वापरतात. नखे आखूड ठेवल्याने खाजवून होणाऱ्या जखमा व जंतुसंसर्ग कमी होतो.

स्टेरॉइड मलमांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. रिटोनाव्हिरसारखी औषधे चालू असताना शरीरात गेलेले काही स्टेरॉइड लवकर विघटित होत नाहीत व त्यांचे दुष्परिणाम वाढतात. स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे चिठ्ठीशिवाय घेण्याची सवय भारतात व्यापक आहे. २०१८ साली केंद्र शासनाने औषध नियमांत बदल करून अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला.

महाड व पोलादपूर परिसर

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, सावित्री नदीच्या खोऱ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके आहेत. येथील वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरहून अधिक आहे. पावसाळ्यात कपडे व अंथरूण-पांघरूण दिवसेंदिवस ओलसर राहते आणि भातलावणीच्या काळात शेतकरी तासन्‌तास चिखलात उभे असतात.

अशा परिसरात खाजेची कारणे मुळातच अनेक असतात. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्या कुजून होणाऱ्या चिखल्या, जांघेतील नायटा, डास, पिसवा व ढेकणांचे चावे, रानातील खाजकुयलीचा स्पर्श, बिब्ब्याच्या तेलाने उठलेले फोड हे सर्व एच.आय.व्ही.शी संबंध नसलेले नित्याचे प्रकार आहेत. मात्र याच परिचयामुळे संसर्गित व्यक्तीच्या अंगावरील कंडुपिटिकाही ‘पावसाळी खाज’ म्हणून दुर्लक्षिल्या जाण्याची शक्यता असते. हंगाम हा येथे उपयुक्त निकष ठरतो. चिखल्या व बहुतेक दंश पाऊस संपून शेते सुकल्यावर ओसरतात. दिवाळीनंतरही हातापायांवर तितक्याच जोमाने नव्या पुटकुळ्या येत असतील, तर त्यामागचे कारण शोधणे इष्ट ठरते.

खरजेच्या बाबतीतही हवामानाची अडचण येते. कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत हा नेहमीचा सल्ला जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात पाळता येत नाही. खरजेची कीड माणसाच्या अंगापासून दूर साधारणतः दोन-तीन दिवसच जगते. म्हणून कपडे व गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर, न वापरता ठेवणे हा पर्याय उपयोगी पडतो. दमट हवेत कीड थोडी अधिक काळ तग धरत असल्याने आठवड्याची मुदत अधिक सुरक्षित होय. कंडुपिटिका असलेल्या व्यक्तीसाठी मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि झोपण्याच्या जागेपासून गोठा दूर असणे हे उपाय औषधांना पूरक ठरतात.

या तालुक्यांतून मुंबईला नोकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. गिरण्यांच्या काळापासून येथील पुरुष गावकीच्या खोल्यांत एकत्र राहून नोकरी करीत आणि गणेशोत्सव व शिमग्याला गावी परतत. एकाच खोलीत अनेकांनी झोपण्याच्या व्यवस्थेत खरजेचा प्रसार सहज होतो. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो, तर महाड येथे औद्योगिक वसाहत आहे. वीटभट्ट्यांच्या हंगामी कामासाठी कातकरी कुटुंबेही जिल्ह्यातून स्थलांतर करतात. राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घ पल्ल्याचे वाहनचालक व स्थलांतरित कामगार यांना सेवा पोहोचवण्यावर विशेष भर दिला जातो. त्याचा अर्थ हे समूह रोगाचे कारण आहेत असा नसून, फिरत्या जीवनक्रमामुळे चाचणी व औषधे यांपासून ते दूर राहतात असा आहे.

उपचारांतील खंड हा स्थलांतराचा सर्वांत गंभीर परिणाम होय. मुंबईतील केंद्रातून औषधे घेणारा चाकरमानी सणासाठी गावी आला आणि मुक्काम लांबला, तर गोळ्या संपतात. घरच्यांपासून आजार लपवलेला असल्यास त्या घेताच येत नाहीत. असे खंड वाढले की ओसरलेले पुरळ परत येऊ शकते. यावर उपाय म्हणून एका उपचार केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव वर्ग करण्याची, तसेच घराजवळच्या जोड केंद्रातून औषधे घेण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे असून पोलादपूरच्या डोंगराळ भागातील रुग्णासाठी तेथवरचा प्रवास हा दिवसभराचा व मजुरी बुडवणारा असतो. त्यामुळे जवळच्या केंद्राची सोय महत्त्वाची ठरते.

जुलै २००५ व जुलै २०२१ मध्ये महाड शहर व परिसर महापुरात सापडला; दोन्ही वेळा तालुक्यात दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा आपत्तीत निवाऱ्यातील दाटी व ओले कपडे यांमुळे खरूज व जंतुसंसर्ग पसरण्यास वाव मिळतो, आणि घरासोबत औषधेही वाहून जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात औषधांचा काही दिवसांचा अधिक साठा व रुग्णपुस्तिका जलरोधक पिशवीत, सहज उचलता येईल अशी ठेवणे म्हणूनच उपयुक्त आहे.

गैरसमज व सामाजिक परिणाम

एच.आय.व्ही. स्पर्शाने, एकत्र जेवण्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही. डासांच्या चाव्याने संसर्गित व्यक्तीच्या अंगावर पुरळ उठू शकते, परंतु त्याच डासामार्फत विषाणू दुसऱ्याकडे जात नाही. डासाच्या शरीरात तो वाढत नाही. खरूज व नायटा हे स्पर्शाने पसरतात. पण त्यांच्यासोबत एच.आय.व्ही. पसरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने साध्या खरजेच्या रुग्णाकडे संशयाने पाहिले जाते आणि संसर्गित व्यक्तीला वेगळे अंथरूण व वेगळे ताट दिले जाते.

त्वचेवरील डाग लपवता येत नाहीत, हे या विकारांचे खरे दुःख आहे. सावळ्या त्वचेवर पुटकुळ्या बऱ्या झाल्यावरही काळे डाग दीर्घकाळ राहतात. लोकांच्या प्रश्नांना टाळण्यासाठी माणूस पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो, समारंभांना जाणे सोडतो, ओळखीच्या दवाखान्यात जाण्याऐवजी दूरच्या शहरात जातो किंवा जातच नाही. पती मुंबईत व पत्नी गावी असलेल्या कुटुंबांत स्त्रीची खाज घरगुती उपायांवर निभावली जाते आणि चाचणी लांबते. झोपमोड, चिडचिड व नैराश्य हे दीर्घकालीन खाजेचे परिणाम असून उपचारांत त्यांचाही विचार व्हावा लागतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली भारतात सुमारे २४ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते. त्यांपैकी सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होते. नियमित औषधे घेणारी व्यक्ती दीर्घ व सर्वसामान्य आयुष्य जगू शकते आणि रक्तातील विषाणूभार मोजता न येण्याइतका कमी राहिल्यास लैंगिक संबंधातून तिच्याकडून संसर्ग होत नाही. २०१७ च्या अधिनियमाने नोकरी, शिक्षण, निवास व वैद्यकीय सेवा यांत संसर्गित व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. चाचणी व उपचारांविषयीची माहिती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर मिळते.

हेही पहा

- एड्स
- खरूज
- नागीण
- राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना
- महाड तालुका
- पोलादपूर तालुका